काळवंडलेली त्वचा आणि उजळवणारी मलमे

काख, मानेची मागची बाजू, मांड्यांचा आतला भाग, कोपर, गुडघे, घोटे आणि परकराची नाडी बसते ती कंबर, या जागांची त्वचा उरलेल्या अंगापेक्षा गडद होते तेव्हा तिथे वारंवार काहीतरी घासत, दाबत किंवा खाजत असते, नाहीतर शरीराच्या आत काही बिघडलेले असते. चेहऱ्यावरच्या वांगामागे मुख्यतः ऊन, संप्रेरके आणि आनुवंशिकता असते. अंगावरच्या काळपटपणात घर्षण, दाब, घड्यांतला घाम, जुनी जळजळ आणि इन्शुलिनशी निगडित बिघाड यांचा वाटा मोठा. त्यामुळे चेहऱ्यासाठी आणलेले सीरम काखेत लावून महिनोन्महिने वाट पाहणाऱ्यांच्या हाती बहुधा काही लागत नाही. उजळवणारे घटक निरुपयोगी आहेत असे नव्हे. त्यांतले काही चांगले अभ्यासलेले आहेत. पण कारण जागच्या जागी ठेवून लावलेल्या मलमाला रोज नव्याने तयार होणाऱ्या रंगद्रव्याशी झगडावे लागते, आणि त्यात ते हरते.

त्वचेला रंग देणारे मेलॅनिन बाह्यत्वचेच्या तळाशी असलेल्या मेलॅनोसाइट या पेशींत बनते. अशी एक पेशी आपल्या लांब फांद्यांमधून आजूबाजूच्या सुमारे ३६ पेशींना रंगद्रव्याच्या सूक्ष्म पिशव्या पुरवते. गोऱ्या आणि सावळ्या माणसांत मेलॅनोसाइटची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो पिशव्यांच्या आकारात, त्यांतल्या मेलॅनिनच्या प्रकारात आणि त्या पेशींत कशा पसरतात यात. रंगद्रव्य बनवण्याचे पहिले आणि कळीचे काम टायरोसिनेज हे तांबेयुक्त विकर करते. ते टायरोसिन या अमिनो आम्लाचे रूपांतर करत जाते आणि पुढच्या पायऱ्यांवर तपकिरी-काळे किंवा तांबूस-पिवळे मेलॅनिन तयार होते. रंगद्रव्याने भरलेल्या पेशी हळूहळू वर सरकतात आणि साधारण चार आठवड्यांनी, उतारवयात त्याहून उशिरा, पृष्ठभागावरून झडून जातात. उजळवण्याच्या प्रत्येक उपचाराचा वेग या चक्राला बांधलेला आहे. आठ दिवसांत फरक दाखवणारी डबी एक तर खोटे बोलते, नाहीतर तिच्यात असे काही असते जे तिच्यात असायला नको.

सावळ्या त्वचेचे एक वैशिष्ट्य इथे लक्षात घ्यावे लागते. डास चावणे, पुरळ, भाजणे, खरूज, वॅक्सिंगनंतरची लाली, अशा कोणत्याही दाहाला ती जास्तीचे मेलॅनिन बनवून उत्तर देते. दाह ओसरतो, डाग मागे राहतो. हे रंगद्रव्य बाह्यत्वचेतच असेल तर डाग तपकिरी दिसतो आणि मलमांना दाद देतो. दाहामुळे ते तळाचा थर ओलांडून आतल्या त्वचेत सांडले असेल, तर तिथल्या भक्षक पेशी ते गिळून बसतात. असा डाग निळसर-राखाडी दिसतो आणि जायला महिने, कधी वर्षे लागतात. वरून लावलेले बहुतेक घटक तिथे पोचत नाहीत. म्हणजे डागाचा रंग नीट पाहिला तरी उपचाराला किती यश येईल याचा बराचसा अंदाज बांधता येतो.

काळपटपणाच्या कारणांत घर्षण सर्वांत सार्वत्रिक आहे आणि त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. परकराची नाडी वर्षानुवर्षे एकाच जागी करकचून बांधली की कमरेभोवती काच पडतो. आधी खाज, मग खपली, मग काळा, जाड पट्टा. ही गोष्ट केवळ दिसण्यापुरती नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील रोगनिदानतज्ज्ञ डॉ. वसंत खानोलकर आणि डॉ. सूर्याबाई यांनी १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, धोतराच्या काचाशी जोडलेल्या कमरेवरच्या कर्करोगाचे वर्णन केले होते. पुढे साडी नेसणाऱ्या स्त्रियांमध्येही तसेच रुग्ण मुंबईच्या शल्यचिकित्सकांनी नोंदवले. असे रुग्ण फार थोडे असतात. पण कमरेच्या काळ्या पट्ट्यावर न भरणारी जखम किंवा गाठ दिसली तर मलम शोधत बसू नये, ती जागा डॉक्टरांना दाखवावी. एरवी दोरीसारख्या नाडीऐवजी रुंद पट्टी वापरणे आणि बांधण्याची जागा वरखाली बदलत राहणे, हा त्या काळेपणावरचा पहिला उपचार आहे. त्याला काहीच खर्च नाही.

मांडी घालून जमिनीवर बसणाऱ्यांच्या घोट्याच्या बाहेरच्या हाडावर, टेबलावर कोपर टेकून काम करणाऱ्यांच्या कोपरांवर आणि फरशी पुसताना, पूजेला किंवा नमाजाला टेकणाऱ्या गुडघ्यांवर घट्टे पडतात. तिथे रंगद्रव्य वाढलेले असतेच, शिवाय त्वचेचा वरचा थर जाड झालेला असतो आणि त्या जाडीमुळे रंग आणखी गडद दिसतो. आणि हा काळेपणा मळ आहे असे समजून माणूस तो घासू लागतो. वज्री, नायलॉनची जाळी, काथ्या, खरखरीत टॉवेल, जे हाती येईल त्याने. पाठीच्या वरच्या भागावर, दंडांवर आणि नडग्यांवर वर्षानुवर्षे घासल्याने लहरींसारखा राखाडी-तपकिरी काळपटपणा येतो. नायलॉनच्या टॉवेलाने अंग घासण्याच्या सवयीमुळे आलेल्या अशा काळेपणाचे वर्णन जपानमध्ये झाले आहे आणि भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनाही तो चांगलाच परिचित आहे. काहींमध्ये घासलेल्या पेशींच्या अवशेषांपासून अमायलॉइड नावाचे प्रथिन आतल्या त्वचेत साचते आणि मग तो डाग फार चिवट होतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल लावल्यावर हलक्या हाताने चोळलेले उटणे याला कारणीभूत होत नाही. रोजच्या आंघोळीत काळेपणा खरवडून काढण्याची जी खटपट चालते, तिने मात्र तोच काळेपणा वाढतो.

काखेची गोष्ट थोडी निराळी आहे. तिथे घाम, दमटपणा, घट्ट बाही, रेझर आणि सुगंधी द्रव्ये एकत्र येतात. रेझरने केस त्वचेलगत कापले जातात, त्वचेखालचा केसांचा उरलेला भाग काळसर छटा देतो आणि ती छटा कोणत्याही मलमाने जात नाही. लेझरने केस कायमचे विरळ केल्यास जाते. डिओडरंटमधील सुगंधाची किंवा संरक्षक रसायनांची अ‍ॅलर्जी असेल तर आधी लाली आणि खाज येते, मागून डाग. शिवाय काखेत आणि जांघेत खपलीदार तपकिरी पट्टा असेल तर तो कोरिनेबॅक्टेरियम या जीवाणूचा संसर्गही असू शकतो. वूड दिव्याच्या अतिनील प्रकाशात तो पोवळ्यासारखा लाल चमकतो आणि साध्या प्रतिजैविकाने बरा होतो. अशा संसर्गावर कोजिक आम्ल लावत राहणे म्हणजे पैसे आणि महिने दोन्ही वाया.

गजकर्णाचे तर वेगळे प्रकरणच आहे. गेल्या दशकात भारतात औषधांना न जुमानणाऱ्या गजकर्णाची साथ पसरली आणि तिच्यामागच्या बुरशीच्या एका प्रकाराला ट्रायकोफायटन इंडोटिनी असे नावही मिळाले. औषधाच्या दुकानातून आणलेली, बुरशीरोधक, प्रतिजैविक आणि तीव्र स्टेरॉइड यांचे मिश्रण असलेली मलमे दोन दिवसांत खाज थांबवतात, पण बुरशी आतून पसरत राहते. जांघ, मांडी आणि कंबर यांवर मागे उरणारे मोठे काळे डाग पुष्कळदा या अर्धवट उपचारांचे असतात. बुरशी पूर्ण जाईपर्यंत तिथे उजळवणारे काहीही लावण्यात अर्थ नाही.

मानेवरच्या काळेपणाला सर्वांत जास्त महत्त्व द्यायला हवे. मानेच्या मागे आणि बाजूंना, काखेत, कधी बोटांच्या सांध्यांवर त्वचा काळी, जाडसर आणि मखमलीसारखी होते, हाताला रेघा लागतात, सोबत बारीक चामखिळी लोंबतात. वैद्यकात याला अ‍ॅकँथोसिस निग्रिकन्स म्हणतात. घरात या काळेपणाला मळ म्हटले जाते आणि शाळकरी मुलींना त्यावरून बोलणी खावी लागतात, ही फार दुःखाची गोष्ट आहे. कारण साबणाने तो निघत नाही आणि त्याच्यामागे बहुधा इन्शुलिन प्रतिरोध असतो. पेशी इन्शुलिनला नीट दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडते. रक्तात वाढलेले हे इन्शुलिन त्वचेच्या पेशींवरील वाढीच्या ग्राहकांना चेतवते, त्या भराभर वाढतात आणि त्वचा जाड होते. रंग गडद दिसतो तो मुख्यतः या जाडीने. लठ्ठपणा, मधुमेहाची पूर्वावस्था, अंडाशयांचा पीसीओएस हा विकार आणि काही औषधे हे त्याचे नेहमीचे सोबती. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणात मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आणि पूर्वावस्थेतील लोकांची सुमारे १३ कोटी ६० लाख असल्याचा अंदाज आहे. एवढ्या मोठ्या संख्येत काळी मान ही पुष्कळांच्या बाबतीत रक्ततपासणीच्या आधी दिसणारी खूण ठरते. वजन उतरले, इन्शुलिन खाली आले की मान हळूहळू निवळते. ट्रेटिनॉइन, युरिया किंवा लॅक्टिक आम्लाची मलमे जाडी कमी करायला मदत करतात, पण एकट्याने पुरी पडत नाहीत. उतारवयात, सडपातळ माणसाला अचानक, झपाट्याने आणि तळहात-तोंडापर्यंत पसरणारा असा बदल झाला तर मात्र जठरासारख्या आतल्या अवयवाच्या कर्करोगाचा शोध घ्यावा लागतो. हे दुर्मीळ आहे, पण विसरण्यासारखे नाही.

बोटांच्या सांध्यांवरचा काळेपणा पाहताना बी-१२ जीवनसत्त्वाची आठवण ठेवावी. वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९६३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवले होते की, बी-१२ च्या कमतरतेने हाता-पायांच्या बोटांवर काळपटपणा येतो आणि ते जीवनसत्त्व दिल्यावर तो मावळतो. शाकाहारी घरांतून ही कमतरता सर्रास आढळते. काळेपणा तळहाताच्या रेघांत, हिरड्यांवर आणि जुन्या व्रणांवर उतरला असेल, सोबत थकवा आणि वजनात घट असेल, तर अधिवृक्क ग्रंथींचा अ‍ॅडिसन विकार तपासावा लागतो.

ही कारणे हाताळल्यावर उजळवणाऱ्या घटकांची पाळी येते. काही घटक टायरोसिनेजला अडवतात, काही तयार पिशव्या शेजारच्या पेशींकडे जाऊ देत नाहीत, आणि काही रंगद्रव्याने भरलेल्या पेशी लवकर झडायला लावतात.

टायरोसिनेजला अडवणाऱ्यांत हायड्रोक्विनोन सर्वांत प्रभावी आणि सर्वांत वादग्रस्त. रंग घालवणाऱ्या या कुळातल्या रसायनांकडे लक्ष गेले ते कामगारांच्या व्याधीतून. १९३९ साली अमेरिकेतील कातडी कमावण्याच्या एका कारखान्यात रबरी हातमोजे घालणाऱ्या कामगारांच्या हातांवर पांढरे डाग उठले, आणि त्याचे कारण रबरात मिसळलेले हायड्रोक्विनोनचे एक जवळचे संयुग निघाले. ते संयुग रंगपेशी कायमच्या मारते. हायड्रोक्विनोन त्यामानाने सौम्य आहे. दोन ते चार टक्के प्रमाणात, ठरावीक काळापुरते आणि देखरेखीखाली ते आजही वापरले जाते. १९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस या संशोधकांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचे त्रिकूट मांडले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतून त्याची दुसरी बाजू प्रसिद्ध झाली. तीव्र हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षे लावणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या चेहऱ्यावर निळसर-काळे, खडबडीत आणि जवळजवळ असाध्य डाग उमटत होते. उजळण्यासाठी लावलेल्या द्रव्यानेच त्वचा कायमची काळवंडली होती. १९९० मध्ये त्या देशाने सौंदर्यप्रसाधनांतून त्यावर बंदी घातली, युरोपीय संघाने २००१ पासून त्याला त्वचेच्या प्रसाधनांतून हटवले आणि अमेरिकेत २०२० च्या कायद्यानंतर चिठ्ठीविना विक्री थांबली. अंगावर त्याचा वापर करायचा तर लहान जागेवर, तीन-चार महिन्यांहून जास्त नाही आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. गरोदरपणात मुळीच नाही.

कोजिक आम्ल जपानी मद्य आणि मिसो बनवण्यासाठी वापरतात त्या कोजी बुरशीतून १९०७ मध्ये वेगळे केले गेले. ते टायरोसिनेजमधले तांबे पकडून ठेवते. आर्ब्युटिन हे हायड्रोक्विनोनला साखरेचा रेणू जोडलेले नैसर्गिक संयुग, अल्फा-आर्ब्युटिन त्याचेच प्रयोगशाळेत बनवलेले भावंड. या दोघांची जाहिरात मोठी असते, पण एक गोष्ट ग्राहकापर्यंत पोचत नाही. उजळवणारे बहुतेक घटक प्रथम अळिंबीपासून काढलेल्या टायरोसिनेजवर तपासले जातात, कारण ते सहज मिळते. मानवी टायरोसिनेज वेगळे वागते. जर्मनीतील एका प्रसाधन उद्योगाच्या शास्त्रज्ञांनी सुमारे ५० हजार संयुगे मानवी टायरोसिनेजवर तपासून २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा कोजिक आम्ल आणि आर्ब्युटिन या कसोटीवर फारच दुबळे ठरले. त्यांच्या तुलनेत थायमिडॉल हे नवे संयुग कितीतरी पटींनी प्रभावी निघाले. संशोधन करणारे आणि विकणारे एकच असल्याने त्याकडे सावधपणे पाहायला हवे, पण मूळ मुद्दा खोडता येत नाही. परीक्षानळीत अळिंबीचे विकर अडले म्हणून माणसाचा डाग जाईलच असे नाही.

अझेलेइक आम्लाचा उपयोग शिब्यांच्या अभ्यासातून पुढे आला. छाती-पाठीवर शिबे पडतात तिथे त्वचा फिकट होते. ते डाग घडवणाऱ्या मॅलासेझिया या बुरशीकडून बनणाऱ्या आम्लांचा इटलीतील संशोधकांनी १९७० च्या दशकात मागोवा घेतला आणि अझेलेइक आम्ल औषध म्हणून पुढे आले. १५ ते २० टक्के प्रमाणात ते अतिक्रियाशील रंगपेशींवर जास्त आणि सामान्य पेशींवर कमी परिणाम करते, दाहही कमी करते आणि गरोदरपणात सुरक्षित मानले जाते. पाठीवरच्या पुरळाचे काळे डाग असतील तर पुरळ आणि डाग दोन्हींवर एकाच मलमाने काम होते. सुरुवातीला चुरचुरते, एवढाच त्रास.

नायसिनामाइड, म्हणजे बी-३ जीवनसत्त्वाचे एक रूप, मेलॅनिन बनू देते पण पिशव्यांची वाहतूक रोखते. ते स्वस्त आहे, त्वचेचा बाह्य थर मजबूत करते आणि सहसा आग करत नाही. काखेसाठी ते खरोखर तपासले गेले आहे, हे त्याचे वेगळेपण. मेक्सिकोतील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत २४ स्त्रियांच्या काखांवर चार टक्के नायसिनामाइड, डेसोनाइड हे सौम्य स्टेरॉइड आणि निव्वळ आधारद्रव्य यांची तुलना झाली. नायसिनामाइड लावलेल्यांपैकी साधारण पाव भागात चांगला फरक दिसला, डेसोनाइडने त्याहून थोडा अधिक. म्हणजे काम होते, पण चौघींपैकी तिघींना डोळ्यांत भरेल असा फरक दिसत नाही. स्टेरॉइड थोडे पुढे राहिले यावरून काखेच्या काळेपणात दाहाचा वाटा किती आहे हेही कळते. तेवढ्यावरून मनाने स्टेरॉइड लावण्याचे समर्थन मात्र होत नाही.

उजळवण्यासाठी वापरले जाणारे क जीवनसत्त्व हवेत आणि उजेडात लवकर बिघडते. तपकिरी झालेली बाटली टाकून द्यावी. ज्येष्ठमधातील ग्लॅब्रिडिन टायरोसिनेजला अडवते, पण ते घरच्या ज्येष्ठमधाच्या लेपातून मोजून मिळत नाही.

कोपर, गुडघे, घोटे आणि मान यांवर सर्वांत उपयोगी पडतात ते रंगाला नव्हे, जाडीला हात घालणारे घटक. १० ते २० टक्के युरिया जाड त्वचा भिजवून मऊ करतो. १२ टक्क्यांपर्यंतचे लॅक्टिक आम्ल आणि ग्लायकॉलिक आम्ल मृत पेशींची जोडणी सैल करतात. सॅलिसिलिक आम्ल केसांच्या मुळांशी साचलेला मेद आणि केराटिन मोकळे करते, म्हणून दंडांवरच्या काट्यांसारख्या बारीक पुरळाला ते लागू पडते. ट्रेटिनॉइन आणि अ‍ॅडापालीन पेशींचे चक्र गतिमान करतात. गरोदरपणात आणि त्याची तयारी चालू असताना ते वर्ज्य. ही सगळी आम्ले ताज्या वॅक्सिंगनंतर किंवा रेझरनंतर लावली तर जळजळ होते आणि जळजळीचा पुन्हा डाग. म्हणून दोन-तीन दिवस थांबावे, रोज रात्रीऐवजी एका आड एक रात्रीने सुरू करावे आणि एका वेळी एकच नवा घटक आणावा.

चेहरा आणि अंग यांत फरक करायचा तो शोषणामुळे आणि क्षेत्रफळामुळे. फेल्डमन आणि मायबाख या संशोधकांनी १९६७ मध्ये शरीराच्या वेगवेगळ्या भागांतून हायड्रोकॉर्टिसोन किती शोषले जाते ते मोजले. मनगट-कोपरादरम्यानच्या हाताला एक एकक धरले, तर तळपायातून ०.१४, काखेतून ३.६, कपाळातून ६ आणि वृषणाच्या त्वचेतून ४२ एकके शोषली गेली. म्हणजे गुडघ्यावर सहज सोसणारे आम्ल काखेत किंवा जांघेत पोळू शकते, आणि तिथल्या स्टेरॉइडचा परिणाम कितीतरी खोल जातो. जांघेत तीव्र स्टेरॉइड लावणाऱ्या कित्येक तरुणांच्या मांड्यांवर कायमच्या लालसर-पांढऱ्या भेगा पडतात त्या यामुळेच.

क्षेत्रफळाचा हिशेब आणखी साधा आहे. नळीतून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेले मलम अर्धा ग्रॅम भरते आणि ते बोटांसकट दोन तळहातांएवढ्या त्वचेला पुरते. पूर्ण पाठीला अशी सात मापे लागतात, म्हणजे साडेतीन ग्रॅम. दिवसातून दोनदा लावले तर ३० ग्रॅमची नळी चार-पाच दिवसांत संपते. एवढे द्रव्य शरीरात किती जाईल हा प्रश्न नियम करणाऱ्यांनीही विचारात घेतला आहे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या नियमांत अल्फा-आर्ब्युटिनला चेहऱ्याच्या मलमात दोन टक्के, पण अंगाच्या लोशनमध्ये फक्त अर्धा टक्का मर्यादा आहे. कोजिक आम्ल तर चेहरा आणि हातांच्या प्रसाधनांपुरतेच, एक टक्क्यापर्यंत, चालते. मोठ्या जागेसाठी म्हणूनच नायसिनामाइड, लॅक्टिक आम्ल आणि युरिया हीच शहाणी निवड.

घरगुती उपायांपैकी लिंबू आणि खाण्याचा सोडा हे दोन थांबवायलाच हवेत. लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकुमारिन असतात. ते त्वचेवर असताना ऊन लागले की भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे महिनोन्महिने टिकणारे काळे ओघळ राहतात. सोडा अल्कधर्मी, त्वचेचा पृष्ठभाग आम्लधर्मी; दोघांची गाठ पडली की त्वचेचा संरक्षक थर दुखावतो. बेसन, दही, हळद यांनी सहसा अपाय होत नाही, पण आत गेलेला रंगही जात नाही.

उघड्या अंगाला, म्हणजे मान, हात आणि पाय यांना ऊन लागते तिथे सनस्क्रीन नसेल तर बाकी सगळे व्यर्थ. काखेला आणि कमरेला त्याची गरज नाही. तिथे सैल, सुती कपडे हाच बचाव. कोणत्याही घटकाला किमान आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात. घोटा किंवा कोपर यांना सहा महिने लागले तरी नवल नाही, आणि जमिनीवर बसणे चालू असेल तर तेवढ्यातही पूर्ण निवळणार नाही.

अपायाचा भाग इथे सविस्तर सांगावा लागतो, कारण बाजारात तो दडवला जातो. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही स्टेरॉइडे उजळवणारी मलमे म्हणून हातोहात विकली गेली. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याविरुद्ध मोठी मोहीम उघडली आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीविना विक्री बेकायदा ठरवली. कागदावरचा नियम दुकानाच्या काउंटरवर अजून पाळला जात नाही.

त्याहून घातक पारा. टायरोसिनेजमधल्या तांब्याची जागा घेऊन तो रंगद्रव्य थांबवतो, म्हणून थोड्या दिवसांत झळाळी दिसते. पण त्वचेतून शोषला जाऊन तो मूत्रपिंडात साचतो. मिनामाटा कराराने पारायुक्त प्रसाधनांना बंदी घातली आणि भारताने २०१८ मध्ये त्या कराराला मान्यता दिली, तरी असली डबी ब्युटी पार्लरमधून आणि मोबाइलवरून मिळत राहते. २०२३ मध्ये अकोल्यातील एका तरुणीसह तिची आई आणि बहीण यांना मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे उघड झाले. तिघी एकच मलम वापरत होत्या आणि तपासणीत त्यात पारा सापडला. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कल येथील मूत्रपिंडतज्ज्ञांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातील अशाच रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली: एका विशिष्ट मूत्रपिंडविकाराच्या १५ रुग्णांपैकी १३ जणांनी गोरेपणाची मलमे वापरलेली होती. लघवीतून प्रथिने जातात, तिला फेस येतो, पाय सुजतात. मलम वेळीच थांबवले तर बहुतेक सावरतात.

नामांकित उत्पादनही चुकू शकते. जपानच्या कानेबो कंपनीने वनस्पतिजन्य रोडोडेंड्रॉल हा उजळवणारा घटक सरकारी मान्यतेने बाजारात आणला; २०१३ मध्ये तो परत घ्यावा लागला तोवर हजारो वापरकर्त्यांच्या त्वचेवर पांढरे डाग उठले होते. टायरोसिनेजने त्याचे रूपांतर रंगपेशींना मारणाऱ्या विषात केले होते. ग्लुटाथायोनची शिरेतून दिली जाणारी इंजेक्शने तर उजळवण्यासाठी प्रमाणित उपचारच नाहीत. फिलिपिन्सच्या औषध प्रशासनाने २०११ मध्येच त्यांच्या धोक्यांबद्दल इशारा दिला, तरी आपल्याकडच्या क्लिनिकांत ती हजारो रुपयांना टोचली जातात.

रासायनिक पील आणि लेझर यांना जागा आहे, पण सावळ्या त्वचेत ऊर्जा जराही जास्त झाली की भाजून नवा डाग पडतो. त्यामुळे ही कामे त्वचारोगतज्ज्ञाकडेच करावीत, पार्लरमध्ये नव्हे.

या सगळ्यांची एक मर्यादा आहे. कोणताही सुरक्षित घटक डागाला फार तर माणसाच्या मूळ रंगापर्यंत आणतो. त्यापलीकडे नेण्याचे आश्वासन देणारा एक तर फसवत असतो किंवा विष विकत असतो. काख, जांघ आणि गुप्तांग यांची त्वचा वयात आल्यावर संप्रेरकांमुळे गडद होतेच. तो विकार नाही आणि त्यावर काही लावण्याची गरजही नाही.

मान काळी आणि मखमली झाली असेल तर प्रथम रक्तातील साखर, एचबीए-१-सी आणि वजन तपासावे. बोटांचे सांधे काळे असतील तर बी-१२ तपासावे. आणि ज्या डबीवर घटकांची यादी, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक छापलेला नाही, ती घेऊ नये. वापरात असेल तर आजच बंद करावी, लघवीतील प्रथिनांची तपासणी करून घ्यावी आणि डबी फेकून न देता डॉक्टरांना दाखवावी.